काट्याने काटा

पायात रुतलेला काटा काढायला दुसरा काटाच लागतो, ही गोष्ट रानावनात अनवाणी हिंडणाऱ्या माणसाने फार प्राचीन काळी ओळखली. त्यातूनच ‘काट्याने काटा काढणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत रूढ झाला. परंतु रोगाचा काटाही त्याच जातीच्या काट्याने काढता येतो, हे कळण्यास मात्र मनुष्यजातीला अनेक शतके लागली. ज्या विषाणूंनी घरेच्या घरे ओस पाडली, त्यांच्याच गोतावळ्यातील काही विषाणू पशुपक्ष्यांच्या शरीरातून घेऊन शास्त्रज्ञांनी माणसाच्या सेवेस लावले. ही सेवा त्यांच्याकडून कशी करवून घेतली आणि या कार्यात पुणे शहराचा वाटा कोणता, हे जाणून घेण्यासारखे आहे.

विषाणू हा जीवसृष्टीच्या उंबरठ्यावर उभा असलेला एक विलक्षण पदार्थ होय. तो अन्न खात नाही, श्वास घेत नाही आणि एकटा असताना वाढतही नाही. त्याची रचना अगदी साधी असते. बाहेर प्रथिनांचे कवच आणि आत जनुकांची एक लहानशी चिठ्ठी! काही विषाणूंना या कवचावर आणखी एक स्निग्ध आवरण असते. हा विषाणू एखाद्या प्राण्याच्या पेशीत शिरला की ती चिठ्ठी उघडली जाते. ‘माझ्यासारखेच आणखी विषाणू घडव’ एवढाच हुकूम त्या चिठ्ठीत असतो. पेशी बिचारी आपली कामे बाजूला ठेवून तो हुकूम पाळू लागते आणि अखेरीस बहुधा स्वतः नाश पावते. असे असंख्य पेशींचे झाले म्हणजे माणूस आजारी पडतो. विषाणूचा आकार किती लहान असावा? पुढे ज्याचा उल्लेख येणार आहे, त्या ॲडिनोविषाणूचे कण एकाला एक लावून ठेवले, तर एका मिलिमीटरच्या अंतरात दहा हजारांहून अधिक कण मावतील!

म्हणजे विषाणू हा एक निरोप्याच म्हणावयाचा. बंद दारातून आत शिरण्याची कला त्याला साधलेली आहे. वाईट आहे तो त्याने आणलेला निरोप. हा निरोप निरुपद्रवी करता आला, किंवा त्याच्या जागी उपकारक निरोप ठेवता आला, तर हाच शत्रू मित्र होऊ शकेल. या एका विचाराभोवती आजच्या वैद्यकशास्त्राची एक मोठी शाखा उभी आहे. तथापि या मार्गावरचे पहिले पाऊल पडले, तेव्हा विषाणू ही वस्तू जगाला ठाऊकही नव्हती.

देवी हा एके काळी अत्यंत भयंकर रोग होता. अंगभर फोड उठत. पुष्कळ रोगी दगावत आणि जे वाचत त्यांपैकी कित्येकांची दृष्टी जाई, कित्येकांचे चेहरे कायमचे व्रणांनी भरून जात. या रोगापुढे माणूस इतका हतबल झाला होता की, हा शीतळादेवीचा कोप आहे असे मानून लोक नवस बोलत. इंग्लंडमधील बर्कली या गावी एडवर्ड जेन्नर नावाचा डॉक्टर होता. गाईंच्या सडांवर एका सौम्य रोगाचे फोड येतात आणि दूध काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांनाही ते होतात, हे त्याने पाहिले होते. या गाईच्या देवी ज्याला येऊन गेल्या, त्याला माणसाच्या देवी येत नाहीत, अशी त्या भागातील शेतकऱ्यांची समजूत होती. जेन्नरने ती हसण्यावारी नेली नाही. तिची परीक्षा घेण्याचे ठरवले. १४ मे १७९६ रोजी त्याने सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील लस घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचली. पुढे काही आठवड्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. परंतु त्याला देवी आल्या नाहीत. अजाण मुलावर असा प्रयोग करण्यास आजचे नियम परवानगी देणार नाहीत. मात्र त्या प्रयोगाने रोगप्रतिबंधाचा नवा मार्ग जगाला दाखवला, हे खरे. लॅटिन भाषेत गाईला ‘व्हाका’ म्हणतात. त्यावरूनच ‘व्हॅक्सिन’ हा शब्द तयार झाला.

ही लस हिंदुस्थानात आली, तिची हकीकतही मोठी हृद्य आहे. त्या काळी लस थंड ठेवण्याची साधने नव्हती. लांबच्या प्रवासात ती टिकवण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचणे. अशा रीतीने दंडावरून दंडावर प्रवास करीत बगदाद आणि बसरा या मार्गाने ती मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात या लसीचा लाभ झालेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरील फोडातून लस घेऊन आणखी पाच मुलांना टोचण्यात आली आणि पुढे त्याच साखळीने लस मद्रास, हैदराबाद, सुरत व पुणे येथे गेली. मराठीत ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग पडला तो या टोचणीवरूनच. हे काम पुढे पावणेदोनशे वर्षे चालले. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे घोषित केले.

पशुपक्ष्यांचे विषाणू केवळ लस करण्यापुरतेच उपयोगी पडले असे नाही. जीवशास्त्राचे कित्येक गूढ प्रश्न त्यांच्याच साहाय्याने सुटले. न्यूयॉर्क येथील पेटन राउस या शास्त्रज्ञाकडे एकदा एका शेतकऱ्याची कोंबडी आली. तिच्या अंगावर कर्करोगाची गाठ होती. राउसने ती गाठ वाटून तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की, त्यात एकही पेशी किंवा जंतू उरू नये. तरीही तो अर्क टोचलेल्या दुसऱ्या कोंबड्यांना तशीच गाठ आली. याचा अर्थ ती गाठ विषाणूमुळे होत होती. १९११ साली त्याने हा शोध प्रसिद्ध केला, परंतु कित्येक वर्षे त्याचे महत्त्व फारसे कोणी ओळखले नाही. अखेर १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. याच विषाणूचा अभ्यास पुढे नेताना मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांना १९७६ साली एक आश्चर्यकारक गोष्ट आढळली. कर्करोग उत्पन्न करणारे जे जनुक त्या विषाणूत होते, ते मूळचे कोंबडीच्याच निरोगी पेशीतले होते! तशा प्रकारचे जनुक माणसाच्या पेशीतही असते. पेशींची वाढ ताब्यात ठेवण्याचे काम अशी जनुके करतात. ती बिघडली म्हणजे वाढीला धरबंध राहत नाही. कर्करोगाचे मूळ आपल्याच पेशींत कसे दडलेले असू शकते, हे माणसाला एका कोंबडीच्या विषाणूने शिकवले.

दुसरे उदाहरण पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचे, म्हणजे रेबीजचे. या रोगाचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने एका पेशीतून तिला जोडलेल्या दुसऱ्या पेशीत, असा मेंदूपर्यंत चढत जातो. त्याचे हे वाट काढण्याचे कौशल्यच शास्त्रज्ञांनी उपयोगात आणले. त्यांनी विषाणूतील एक आवश्यक जनुक काढून टाकले आणि त्या जागी पेशी चकाकती करणारे जनुक बसवले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या युक्तीने तो विषाणू एकच पाऊल मागे जातो व तेथेच थांबतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मेंदूत कोणती पेशी कोणत्या पेशीशी जोडलेली आहे, हे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दिव्यांच्या माळेसारखे उजळून दिसते. ज्या विषाणूच्या नुसत्या नावाने थरकाप होतो, तोच मेंदूचा नकाशा काढण्याच्या कामी येतो!

आता ॲडिनोविषाणूकडे वळू. हा विषाणू १९५३ साली मुलांच्या नाकामागील ग्रंथींमध्ये प्रथम सापडला. माणसात तो बहुधा सर्दी, खोकला, डोळे येणे असे विकार उत्पन्न करतो. वीस बाजूंच्या पैलूदार मण्यासारखे त्याचे कवच असते. पेशीत शिरण्यात हा फार तरबेज असतो. त्याच्या चिठ्ठीतील ‘आणखी विषाणू घडव’ हा भाग कापून टाकला, तर तो पेशीत शिरेल, परंतु स्वतःची वाढ करू शकणार नाही. त्या रिकाम्या जागेत एखाद्या घातक रोगजंतूची केवळ ओळख सांगणारे जनुक ठेवले, तर पेशीला ती ओळख अगोदरच पटेल आणि शरीर त्या शत्रूशी लढण्यास सज्ज होईल.

कल्पना उत्तम होती. पण तिच्यात एक अडचण होती. माणसांचे ॲडिनोविषाणू सर्वत्र पसरलेले असल्यामुळे बहुतेकांच्या शरीराला त्यांची ओळख लहानपणीच झालेली असते. असा विषाणू निरोप्या म्हणून पाठवला, तर शरीराचे पहारेकरी त्याला वेशीवरच अडवतात आणि निरोप आत पोहोचत नाही. म्हणून अनोळखी चेहऱ्याचा निरोप्या हवा होता. तो मिळाला आफ्रिकेतील चिंपांझी या वानरात. चिंपांझीचा ॲडिनोविषाणू माणसाच्या पेशीत शिरू शकतो, पण फारच थोड्या माणसांच्या शरीराला तो आधीपासून परिचित असतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जेन्नर संस्थेत या विषाणूपासून एक निरुपद्रवी वाहक तयार करण्यात आला. देवीवर मात करण्याची वाट दाखवणाऱ्या डॉक्टरचेच नाव त्या संस्थेला दिलेले आहे! एकदा वाहक सिद्ध झाल्यावर चिंपांझीला हात लावण्याची गरज उरली नाही. विषाणूची जी वाढ करावयाची, ती प्रयोगशाळेत जोपासलेल्या विशिष्ट मानवी पेशींत होते. विषाणूतून काढून टाकलेला भाग या पेशी स्वतः पुरवतात. म्हणून तेथे तो वाढतो, अन्यत्र नाही.

२०२० साल उजाडले आणि या सिद्धतेची कसोटी लागली. चीनमध्ये दिसू लागलेल्या करोना रोगाच्या विषाणूची जनुकरचना जानेवारी महिन्यात जगापुढे आली. ३० जानेवारी रोजी भारतातील पहिला रुग्ण केरळात आढळला. त्या रुग्णाच्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. ही संस्था पुण्यात १९५२ साली ‘विषाणू संशोधन केंद्र’ या नावाने स्थापन झाली होती. १९५७ साली म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली, तेव्हा त्यामागचा नवा विषाणू याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोधून काढला होता. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले करोना रुग्ण पुण्यातच आढळले. पुढे शाळांना कुलुपे लागली, रस्ते ओस पडले आणि गजबजलेल्या पेठा निःशब्द झाल्या. अनेक घरांतील माणसे गेली आणि त्यांचे अखेरचे दर्शनही कित्येकांना घडले नाही.

ऑक्सफर्ड येथे सारा गिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी चिंपांझीच्या विषाणूत करोना विषाणूच्या काट्याचे जनुक बसवले. करोना विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात आणि त्यांच्याच साहाय्याने तो पेशीला चिकटतो. लस टोचली म्हणजे आपल्या काही पेशी थोडे दिवस तो काटा तयार करतात. नुसत्या काट्याने करोना होत नाही. परंतु शरीराचे सैन्य त्याला परका म्हणून ओळखते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती ओळख स्मरणात ठेवते. येथे ‘काट्याने काटा’ ही उक्ती अक्षरशः खरी ठरली! २३ एप्रिल २०२० रोजी ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना ही लस प्रथम टोचण्यात आली.

तिचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर करण्याचे काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अंगावर घेतले. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसर येथे ही संस्था स्थापन केली होती. लस भारतीय लोकांना मानवते की नाही, हे तपासून पाहणे अवश्य होते. त्यासाठी सोळाशे स्वयंसेवकांची योजना झाली आणि २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यातील भारती रुग्णालयात पहिल्या स्वयंसेवकांना लस टोचण्यात आली. येथे जेन्नरचा काळ आणि आजचा काळ यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. या स्त्री-पुरुषांना सर्व गोष्टी समजावून सांगण्यात आल्या होत्या आणि त्यांनी स्वखुशीने संमती दिली होती. जी लस आपल्याला लाभेल की नाही याची खात्री नव्हती, ती इतरांच्या हितासाठी त्यांनी आपल्या दंडावर टोचून घेतली. अशा निनावी माणसांच्या धैर्यावाचून शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही.

३ जानेवारी २०२१ रोजी ‘कोव्हिशील्ड’ या नावाने लसीला भारतात आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. १२ जानेवारीच्या पहाटे पूजा होऊन तीन शीतवाहने संस्थेच्या आवारातून बाहेर पडली आणि पुण्याच्या विमानतळावरून लस देशातील निरनिराळ्या शहरांकडे रवाना झाली. १६ जानेवारी रोजी लसीकरण सुरू झाले. पहिला मान डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार अशा सेवकांना मिळाला. साध्या शीतकपाटाच्या, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ही लस टिकत असल्याने ती खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांपर्यंत नेता आली. भारतात कोव्हिशील्डच्या दीडशे कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या. त्याच वेळी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला करोना विषाणू निर्जीव करून ‘कोव्हॅक्सिन’ ही दुसरी लसही देशात तयार झाली.

परंतु शास्त्राचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. चिंपांझीच्या विषाणूवर आधारलेली ही लस घेतलेल्यांपैकी फारच थोड्या लोकांच्या रक्तात घातक गुठळ्या झाल्या आणि त्यांतील काही मृत्युमुखी पडले. मार्च २०२१ मध्ये युरोपातील डॉक्टरांच्या हे ध्यानात आले. तेव्हा त्यांनी ते लपवले नाही. या विकाराची लक्षणे व त्यावरील उपचार त्यांनी जगाला कळवले आणि काही देशांनी तरुणांना दुसरी लस देण्याचे ठरवले. लसीने लक्षावधी प्राण वाचवले, हे जसे सत्य, तसेच ज्या थोड्या घरांवर दुःख कोसळले, त्यांचे दुःखही सत्यच. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी ध्यानात ठेवणे, यालाच शास्त्रीय दृष्टी म्हणतात. पुढे निकड ओसरली आणि २०२१ च्या अखेरीस सीरम इन्स्टिट्यूटने या लसीचे उत्पादन थांबवले. काट्याचे काम झाले की तो खाली ठेवावयाचा असतो.

गाईच्या सडावरील फोड, कोंबडीच्या अंगावरील गाठ आणि वानराच्या देहातील विषाणू यांत लौकिक दृष्टीला किळस येण्यासारखेच पुष्कळ आहे. पण जिज्ञासू माणसांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी त्यांचे निरीक्षण केले, प्रश्न विचारले, चुका सुधारल्या आणि मिळालेले ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर पोहोचवले. शत्रूला नुसते भिण्याने तो दुबळा होत नाही. त्याला पूर्णपणे जाणून घेतले, तरच त्याच्यावर सत्ता चालते. हे जाणून घेण्याचे काम अजून संपलेले नाही. पुढचा विषाणू कोणत्या अरण्यातून, कोणत्या प्राण्याच्या देहातून येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. तो येईल त्या दिवशी त्याची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळेत जी तरुण मुले-मुली उभी असतील, ती आज कोठल्या तरी शाळेच्या बाकावर बसून धडा वाचत असतील.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा.
(अ) ‘व्हॅक्सिन’ हा शब्द कोणत्या शब्दावरून तयार झाला?
(आ) हिंदुस्थानात देवीच्या लसीचा लाभ प्रथम कोणाला झाला?
(इ) पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राची स्थापना कोणत्या साली झाली?

२. कारणे द्या.
(अ) माणसाच्या ॲडिनोविषाणूऐवजी चिंपांझीचा ॲडिनोविषाणू निवडण्यात आला.
(आ) लसीसाठी तयार केलेला विषाणू माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही.
(इ) कोव्हिशील्ड लस खेड्यापाड्यांपर्यंत नेता आली.

३. जेम्स फिप्सवरील प्रयोग आणि २०२० सालचे स्वयंसेवक यांतील भेद आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. ‘ही दोन्ही सत्ये एकाच वेळी ध्यानात ठेवणे, यालाच शास्त्रीय दृष्टी म्हणतात.’ या विधानाचे स्पष्टीकरण आठ-दहा ओळींत करा.

५. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : काट्याने काटा काढणे, हसण्यावारी नेणे, अंगावर घेणे, पाठ फिरवणे, धरबंध नसणे.

६. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना ‘देवी काढणे’ याविषयी त्यांच्या आठवणी विचारा व त्या लिहून काढा.